आधार नव्हे, एडार

भोर,
शुक्रवार, दुपार

जनाब मतीनभाई यांना शब्बीर मण्याराचा अदबीनं सलाम.

आम्ही सगळे अल्लाच्या मेहरबानीनं ठीक आहोत. तिकडं तुम्ही, सबिहाभाभी आणि चिरंजीव हाशिम ठीक असाल असं धरून चालतो. धरून चालतो असं लिहायचं कारण, विचारायला फोन करावा तर तुम्ही तो उचलत नाही. आधी वाटलं, हॉटेलात गर्दी असेल (शिवऱ्याला हायवेच्या कडेला हॉटेल म्हणजे गाडी थांबली की वडा तळायला टाका). पुढच्या खेपेला भाभींनी उचलला आणि तुम्ही नमाजेला गेलात म्हणाल्या. सकाळी दहाच्या सुमाराला! मतीनभाई, मीही मुसलमान आहे. दहाला कुठली नमाज? चाश्तची, म्हणजे ऐच्छिक, म्हणाल, तर जो माणूस पहाटे फज्रला उठत नाही तो चाश्त कधीपासून पढायला लागला? तुमची गुडघेदुखी कशी आहे? ती खरी असेल तर लसणाचं तेल लावा.

आता फोन सोडून पत्र का, तर आमच्या घरात फोनवर एक माणूस बोलतं आणि बाकीची ऐकतात. आमची बेगम गुलजारबी स्वयंपाकघरातून माझ्या बाजूचं ऐकते, पलीकडचं अंदाजानं भरून काढते, आणि तो अंदाज हमखास माझ्या विरुद्ध जातो. म्हणून दुकानात बांगड्यांच्या खोक्याआड बसून लिहितोय. पाकिटाला डिंक दोनदा लावलाय. एकदाच लावलेला दिसला तर मधे कुणीतरी उघडून चिकटवलंय असं समजा.

मुद्दा हातांचा आहे. माझे हात तुम्हाला ठाऊक आहेत. मनगटापासून बोटांपर्यंत वरच्या अंगाला तांदूळ आणि नाचणी एकत्र सांडावी तसे ठिपके, काही काळे, काही पांढरट. पायांवरही तेच. शाळेत मला 'बिबट्या' म्हणायला तुम्हीच सुरुवात केलीत (राग नाही, पण लक्षात आहे). अब्बांचे हात असेच होते आणि आमच्या पोरीचे, आरजूचेही असेच आहेत. ना खाज, ना दुखणं. अब्बा म्हणायचे, हा आपल्या घराण्याचा शिक्का आहे, तो पाण्यानं जात नाही. याच हातांनी मी भोर-वेल्ह्याच्या गावागावांत बायकांना बांगड्या भरल्या आणि कुणाचं काही बिघडलं नाही. निदान वैशाखापर्यंत तरी नाही.

वैशाखात हिर्डोशीच्या रखमाजीच्या मुलीचा, स्नेहलचा साखरपुडा निघाला. रखमाजी भात-नाचणी करणारा माणूस. तोंडातून शब्द गेला तर बियाणं सांडल्यासारखा चेहरा करतो. घरातलं बोलायचं सगळं काम त्याची बायको सगुणाबाई बघते. तिनं सांगावा धाडला, पोरीच्या बांगड्या शब्बीरमामांनीच भरायच्या. साहजिकच होतं. स्नेहल एवढीशी होती तेव्हापासून मीच तिला बांगड्या भरतोय. गंमत म्हणजे तिच्याही हातांवर माझ्यासारखेच ठिपके. लहानपणी ती माझ्या पंज्याशेजारी आपला पंजा ठेवायची आणि कुणाचे जास्त म्हणून भांडायची. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. जगात टकलेही असतात, ठिपकेवालेही असतात.

एसटीनं फाट्यावर सोडलं. तिथून पेटी डोक्यावर घेऊन चढ चढलो. ओसरीत बायका बसलेल्या, मधे स्नेहल, तिच्यासमोर मी. अर्धा हात भरून झाला असेल, तेवढ्यात मागून आवाज आला, "थांबा जरा."

ही रतनबाई. नवऱ्या मुलाची आत्या, उत्रोलीची. तिच्या शब्दाशिवाय त्या घरात चूल पेटत नाही असं म्हणतात. ती पुढं सरकून बसली आणि आमच्या दोघांच्या हातांकडं अशी बघायला लागली, जशी आपण बाजारात तोंडाशी चांगलं आणि तळाला किडकं निघालेल्या गोणीकडं बघतो.

"ह्या दोगांचं हात सारकं कसं?"

सगुणाबाई म्हणाली, "ठिपकं हायेत नुसतं. कोड न्हाई काय न्हाई. लानपणापास्नं हायेत."

"आन ह्ये मामा बी लानपणापास्नंच तिला बांगड्या भरत्यात, व्हय ना? मंग कुणाचं लागलं कुणाला?"

मतीनभाई, ओसरीतल्या सगळ्या बायकांनी एकदम आपापल्या हातांकडं बघितलं. जिला मी नुकत्याच बांगड्या भरल्या होत्या ती उठून रांजणाकडं गेली आणि हात धुवायला लागली. रखमाजीकडं बघावं तर तो "बैलांना पानी दावून येतो" म्हणून उठला. (त्याचे बैल केव्हाच विकलेत. हे मी तेव्हा मनात टिपून ठेवलं.) फक्त स्नेहल जागची हलली नाही. "मामा, भरा तुमी," म्हणाली. मी भरल्या. पण घाईघाईनं भरताना बांगड्या तडकत होत्या, आणि दर तडकलेल्या काचेला रतनबाई "हं" म्हणत होती.

चार दिवसांत ती बातमी माझ्याआधी भोरात पोचली. बायका दुकानात यायच्या, रंग बघायच्या, माप सांगायच्या आणि म्हणायच्या, "बांधून द्या, घरीच भरते." ज्या बायकांना आपल्या हातानं बांगडी चढवता येत नाही म्हणून आयुष्यभर माझ्यापुढं हात धरून ओरडल्या, त्या आता घरीच भरणार! खरं सांगायचं तर लोकांचा संशय मी सोसला असता. पण मग मला स्वतःचाच यायला लागला. ती पोर माझ्या हातात हात देऊन वाढली. खरंच माझ्याकडून लागलं असेल तर? दुकानात मी हातमोजे घालून बसायला लागलो. त्यानं गिऱ्हाईक आणखीच घाबरलं.

घरी वेगळीच आघाडी. लागण वगैरे गुलजारबीला एक क्षणही पटलं नाही. ती म्हणाली, "मी तुमच्याबरोबर इतकी वर्षं राहिले, मला एक ठिपका लागला नाही. आणि हिर्डोशीच्या पोरीला लागला? हे लागलेलं नाही, हे आलेलं आहे." मग कांदा चिरता चिरता, "तुम्ही हिर्डोशीला किती वर्षं जाताय हो?" कांदा फार बारीक चिरला गेला त्या दिवशी. मी कसम घेतली, कुराणावर हात ठेवायला तयार झालो, तर म्हणाली, आधी हातमोजे काढा. मग मी म्हटलं, अगं, मी कायम परतीची एसटी पकडायच्या घाईत असतो. तर म्हणे, त्या बाजूची एसटी कधी वेळेवर आलीय?

आमच्या आरजूनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. (ती औषधांचं शिकून आता मेडिकलच्या दुकानात बसते, तुम्हाला ठाऊकच आहे.) तिनं पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यातल्या चामडीच्या डॉक्टरांशी बोलणं केलं आणि जाहीर केलं, दोन्ही घरांनी यायचं, तपासणी अभ्यासासाठी फुकट आहे. फुकट म्हटल्यावर माझा संशय पक्का झाला. सगुणाबाई मात्र लगेच तयार. "चला, यकदाच काय तो निकाल लागू द्या," म्हणाली, आणि रखमाजीला गाडीत अक्षरशः ढकललं. गुलजारबी आली, माझ्यावर लक्ष ठेवायला. आणि रतनबाईही आली, कारण दुसऱ्यानं येऊन सांगितलेलं तिला चालत नाही. असे आम्ही सगळे एका जीपमध्ये, एकमेकांचा एकमेकांवर विश्वास नाही, आणि सगळ्यांचा मिळून ड्रायव्हरवर नाही.

डॉक्टर सुलक्षणाबाई वयानं लहान, बोलायला अतिशय गोड. (इतकं गोड बोलणाऱ्या माणसासमोर मी पाकीट खिशातून काढून हातात धरतो.) त्यांनी माझे हात बघितले, आरजूचे बघितले, स्नेहलचे बघितले. भिंग लावून बघितलं. मग मान हलवून म्हणाल्या, "मला एडारवर संशय आहे."

मला बरं वाटलं. चला, इथं संशय घेणारं आणखी कुणीतरी आहे. मी लगेच कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, बाई, आधारवर जन्मतारीख चुकलीय हे मला मान्य आहे, पण ती मीच अंदाजानं सांगितली होती, त्याचा हाताशी काय संबंध? रखमाजीनं त्या दिवसातलं पहिलं वाक्य उच्चारलं: "म्या मोबाईल जोडलाय आदारला." रतनबाईनं पिशवी छातीशी धरली आणि म्हणाली, "माजा अंगठा कुनी घ्यायचा न्हाई."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाल्या, आधार नाही, ए-डार. आपल्या शरीरातल्या एका जनुकाचं नाव. मग कागद घेऊन समजवायला बसल्या. मला समजलं तसं सांगतो. पेशीत शरीराचा सगळा मजकूर लिहिलेला असतो. तो मूळ मजकूर जपून ठेवतात आणि कामापुरती नक्कल काढतात, तिला आरएनए म्हणतात. ती नक्कल कामावर जायच्या आधी तिच्यातली काही अक्षरं बदलणारं एक प्रथिन असतं. हे प्रथिन कसं बनवायचं, ते या एडार जनुकात लिहिलेलं असतं.

मी म्हटलं, थांबा. मूळ कागद तसाच ठेवायचा, नकलेत गुपचूप अक्षर बदलायचं, आणि पुढचं काम नकलेवर करायचं? बाई, आमच्याकडं याला तुरुंग होतो.

"पण इथं तो बदल बरोबर असतो, काका. तो झाला नाही तरच घोटाळा."

हे ऐकून माझा कायद्यावरचा विश्वास थोडा हलला. पुढं त्यांनी सांगितलं, की प्रत्येकाकडं या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. आमच्या ठिपकेवाल्यांच्या एका प्रतीत चूक असावी, त्यामुळं अक्षरं बदलायचं काम कमी पडतं आणि हातापायांच्या कातडीवर ते असं उमटतं. लागत नाही. शिवून नाही, बांगड्या भरून नाही, एका ताटात जेवून नाही. आईबापाकडूनच येतं.

"आईबापाकडून," असं गुलजारबी सावकाश म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं. रतनबाईनं सगुणाबाईकडं बघितलं. सगुणाबाईनं आपले दोन्ही हात टेबलावर आपटले: स्वच्छ, एक ठिपका नाही. "म्हंजी काय म्हननं काय हाय तुमचं समद्यांचं?" तिचा आवाज चिरला, मतीनभाई. आणि मला काय करावं कळेना. मी काही बोललो तरी संशय, गप्प बसलो तरी संशय. स्नेहल मान खाली घालून बसलेली. ते लग्न त्या खोलीत मोडत होतं, आणि लग्नाबरोबर आणखी बरंच काही.

तेव्हा डॉक्टरीणबाई रखमाजीला म्हणाल्या, "दादा, तुमचे पाय बघू." रखमाजी बूट-मोजे घालून आला होता. हिर्डोशीचा माणूस, वैशाख सरताना, मोजे! तो पाय खुर्चीखाली ओढायला लागला. "काय न्हाई तितं. बिब्बा उतलेला हाय."

"कधी?"

"जुना."

सगुणाबाई उठली, खाली बसली आणि नवऱ्याच्या पायातले मोजे तिनं शेंग सोलावी तसे सोलले. मतीनभाई, ते माझेच पाय होते. म्हणजे रखमाजीचेच, पण ठिपके तेच, काळे-पांढरे, घोट्यापर्यंत. हातांवरही होते म्हणे, पण उन्हानं रापून आणि चिखलानं भरून ते झाकले गेले होते. लग्नाच्या वेळी मोडेल या भीतीनं त्यानं बिब्ब्याच्या चिकानं कातडी उतल्याची थाप मारली, आणि ती मग आयुष्यभर निभावली.

"अवो, तुमच्या पायाला उततोय म्हणून म्या बांदावरचं बिब्ब्याचं झाड तोडून घ्यायला लावलं! चांगलं झाड व्हतं!" सगुणाबाई ओरडली, आणि मग तिथंच जमिनीवर बसून, पदर तोंडाला लावून रडली. रखमाजीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. पोरीकडं बघून म्हणाला, "तुजं बगितलं तवाच कळलं व्हतं मला. सांगायचं धाडस झालं न्हाई." त्या दिवसातलं त्याचं हे सगळ्यात मोठं भाषण.

वाटलं, संपलं. पण गुलजारबी ती गुलजारबी. परतीच्या वाटेवर माझ्या कानाशी म्हणाली, "म्हणजे तुमच्या अब्बांचा आणि रखमाजीच्या आईचा काय संबंध?" अब्बाही त्याच वाटेनं बांगड्या विकायचे. आता मेलेल्या माणसावर! मी तिला झापलं, पण सांगतो तुम्हालाच, नंतर तीन महिने मी रखमाजीच्या नाकाकडं बघत होतो. अब्बांचं नाक होतं का ते?

रक्त त्यांनी घेतलंच होतं. (माझ्या नळीवर माझंच नाव चिकटवलंय ना, हे मी तीनदा वाचून घेतलं.) निकाल भादव्यात आला. दोन्ही घरांत एडारच बिघडलेला, पण चूक वेगवेगळ्या जागी. आमच्या घरातली चूक एका जागी, त्यांच्यातली भलतीकडंच. म्हणजे ही दोन घराणी आपापल्या चुका आपापल्या घरीच करत आली. आमचा त्यांचा रक्ताचा काही संबंध नाही. अब्बा सुटले. गुलजारबीनं त्या दिवशी शीरखुर्मा केला आणि कुणासाठी ते सांगितलं नाही. पण खरं सांगू? निकाल ऐकून रखमाजीचं तोंड थोडं उतरलं होतं. बहुधा माझंही. कुठंतरी वाटलं होतं, असता भाऊ तर असता.

राहिली रतनबाई. लागत नाही हे तिला पटलं, पण मग दुसरं निघालं, की निम्म्या पोरांना येऊ शकतं. ती ते सांगायला हिर्डोशीला गेली, तर स्नेहलच दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, आर्धी पोरं माज्यासारखी व्हतील, आर्धी तुमच्यावानी. दोन्हीत कुटली वंगाळ ते आताच सांगा." रतनबाई पाणी पिऊन परत आली. आणि गेल्या बाजारी माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. सगळा बाजार बघत होता. तिनं हात पुढं केला. "हिरव्या भरा." डोळे मात्र गच्च मिटलेले. मी हातमोजे काढून ठेवले आणि भरल्या. एकही तडकली नाही. लग्न दिवाळीनंतर आहे, तुम्हालाही आमंत्रण येईल.

असो. फार लांबलं. सबिहाभाभींना सलाम, हाशिमला दुवा.

आपला,
शब्बीर

ता.क. आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. आपल्या हाशिमचं आणि आमच्या आरजूचं बोलणं आपण ईदला केलं होतं. मग हिर्डोशीचा बोभाटा तुमच्या कानी गेला असणार, कारण महिनाभर तुमचा फोन बंद. मी भोळा आहे, खुळा नाही. तुम्ही आमच्या पोरीच्या हातांना घाबरलात. म्हणून शास्त्रासकट सगळं लिहिलं. निम्म्या पोरांना येऊ शकतं हेही लपवलं नाही. मतीनभाई, मी बाप आहे, मी हात जोडतो. पोर गुणाची आहे. सगळं ऐकून एकदा मोकळेपणानं म्हणा, की हे ठिपके तुम्हाला चालतील.

ता.क. दुसरं. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात आरजू डबा घेऊन दुकानात आली आणि हातातून पत्र काढून वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाली, "अब्बा, हाशिमला मीच 'नाही' म्हटलंय. महिना झाला. त्यानं घरी सांगितलं असेल, म्हणून चाचा तुमच्याशी बोलायला लाजत असतील."

मी म्हटलं, का? पोरगा चांगला आहे.

"चांगला आहे. मी त्याला सगळं समजावून सांगितलं, त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, काळजी करू नकोस, तुझे हात मला चालतील." मग तिनं पत्रातल्या माझ्या 'चालतील'वर बोट ठेवलं. "चालतील म्हणाला, अब्बा."

मतीनभाई, सगळ्या तालुक्यावर संशय घेऊन झाला माझा, पण आमची पोर नाही म्हणाली असेल हा संशय मला एकदाही आला नाही. ती आता समोर बसून माझ्या वाटणीची भाकरी खातेय. वरच्या ता.क.मधलं शेवटचं वाक्य मी खोडायला घेतलं, तर म्हणाली, राहू द्या, चाचांना कळू दे. म्हणून तसंच पाठवतोय. तेवढं वाक्य मी लिहिलं नव्हतं असं समजा.